नंदा माझ्याबरोबर आहे

मराठीतला 'बरोबर' हा शब्द ज्याने घडवला त्याला गाठून एकदा जाब विचारायचा आहे मला. एका खोलीत तीन बिऱ्हाडं कोंबावीत तसे एका शब्दात तीन अर्थ कोंबलेत त्याने. दोन अधिक दोन बरोबर चार, इथे तो 'सारखं' असतो. शाळेत बाई गणितापुढे लाल शाईने खूण करून म्हणतात 'बरोबर', इथे तो 'खरं' असतो. आणि 'माझ्याबरोबर चल गो' म्हटलं की तो 'सोबत' होतो. मी जन्मभर गणित शिकले आणि शिकवलं, तेही गणिताच्या पार पायातलं, जिथे आकडे क्वचितच भेटतात आणि दोन गोष्टी सारख्या आहेत म्हणजे नेमकं काय आहे एवढ्यावर माणसं केस पांढरे करतात. माझे झालेच. पण एवढं करून मला या शब्दाचा उलगडा झाला असेल असं कुणाला वाटत असेल तर त्याने हे प्रकरण इथेच मिटावं. हे गोंधळाचं प्रकरण आहे. ते मोरिवलीच्या आमच्या घरात सुरू झालं, आणि त्या घरात आम्ही दोघी होतो.

दोघी म्हणजे मंदा आणि नंदा, जुळ्या. मी मंदा. नावच मंद मग डोकं कसं चालणार, असं आत्या म्हणायची, आणि मी वर्गात पहिली आले तरी म्हणत राहिली. आमचं घर गावठाणात. घराची मागची भिंत आणि कंपनीची भिंत यांच्यामधून एक बकरी जाईल एवढीच जागा. जिथे आमची भाताची खाचरं होती तिथे आता ती कंपनी होती आणि बाबा तिच्यात कामाला होते. आपल्याच शेतात पाळीला जातो, असं ते हसून सांगायचे. सकाळचा भोंगा झाला की आयचा भाकऱ्या थापण्याचा आवाज सुरू व्हायचा, तांदळाच्या भाकऱ्या, पातळ आणि मऊसूत, आणि चुलीवर लसूण घातलेली सुकट. वारा कंपन्यांकडून आला की घरभर कधी केळ्याच्या गोळीचा वास, कधी सडक्या अंड्याचा. आय तव्यावरून मान न उचलता सांगायची, "आज केली हायत," म्हणजे केळी. आम्ही दोघी एका ताटात जेवायचो. कपडे एकाच ताग्यातले. जन्मल्यावर ओळखू याव्यात म्हणून आयने थोरलीच्या, म्हणजे माझ्या, मनगटाला काळा धागा बांधला होता. एकदा आंघोळ घालताना तो तुटला. दोघी ओल्या, दोघी बोंबलतायत, आणि आयने तो परत बांधला. "बरोबर पोरीला बांधलास ना गो?" असं आत्याने विचारलं की आय भडकायची. "आय हाय मी. मना नाय कळंल?" नंदा मात्र मला डोळा मारायची. "मीच मंदा हाय बघ. तू नंदा. जा, भांडी घास."

दहावीनंतर आम्ही पहिल्यांदा वेगळ्या झालो. नंदाला पुस्तकाचा कंटाळा. ती उल्हासनगरला पाच नंबरच्या कॅम्पात, म्हणजे फाळणीनंतरच्या निर्वासित छावण्यांपैकी एका भागात, जीन्स शिवायच्या कारखान्यात लागली, आणि मी तिथल्याच एका कॉलेजात. तिचा शेठ टेबलावर एक पँट टाकायचा आणि म्हणायचा, "सेम टू सेम चाहिये." नंदा सेम टू सेम शिवायची. घरी येऊन ऐटीत सांगायची की दोन्ही शेजारी ठेवल्या तर शेठलापण समजत नाही कंची कुठली. 'कंची' म्हणजे कोणती. आमच्याकडे असंच बोलतात, आणि परिसंवादांत चांगली दोन-तीन भाषांत बोलून आल्यावर मीसुद्धा घरात असंच बोलते.

कॉलेजात गणिताला लालवानी सर होते. वर्गात ते नेमलेलं शिकवायचे, पण त्यांचं मन भलतीकडेच असायचं. एकदा तास संपल्यावर मी विचारलं की सर, सगळ्या संचांचा मिळून एक संच का नाही करायचा? तर त्यांनी खडू खाली ठेवून माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता बाहेर काढतात. म्हणाले, "देख मंदा, इधर एक नंबर कॅम्प है, दो नंबर है, पाँच तक है. अब कोई बोले, सब कॅम्प का मिलके एक कॅम्प बनाओ. उसका नंबर क्या डालेगा? और वो खुद के अंदर आएगा कि बाहर?" मी म्हटलं, बाहेर. "बाहर है तो सब कैसे हुआ?" मी म्हटलं, मग आत. "अपने ही अंदर? साईं, बॅरेक में बॅरेक समाती है क्या?" मी परत म्हटलं, बाहेर. सर खूश झाले. "संडे को घर आ. ये सब किताब में नहीं है."

बाबा मला एकटीला पाठवायला तयार नव्हते, आणि नंदाला रविवारी सुट्टी असायची, म्हणून ती सोबत. सरांचं घर जुन्या बॅरेकमधलं होतं. त्यांचे वडील सिंधमधून आले तेव्हा मिळालेली खोली, नंतर पुढे-मागे वाढवलेली, पुढच्या खोलीत पलंग आणि फळा. पहिल्या रविवारी नंदा बाहेर ओट्यावर चपलेत शिरलेला खडा काढत थांबली आणि मी एकटीच आत जाऊन बसले. सरांनी फळ्यावरून मान न वळवता विचारलं, "अकेली आई?" मी म्हटलं, "नाही सर, नंदा माझ्याबरोबर आहे." सर गर्रकन वळले. "तेरे बराबर है? प्रूफ दे." मी दाराकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, "दो चीज़ बराबर, तो एक के बारे में जो सच, वो दूसरी के बारे में भी सच. तू बैठी है. नंदा बैठी है?" मी म्हटलं, ती बाहेर उभी आहे. "फिर? झूठ बोलती है." तेवढ्यात नंदा आत आली. सरांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत तिच्याकडे पाहिलं आणि पलंगावर मटकन बसले. "अरे बाप रे," म्हणाले, "ये तो सच में बराबर है."

इतकी वर्षं मराठी मुलखात राहून सरांचं मराठी भाजीबाजारापुरतंच होतं, त्यामुळे 'बरोबर'चा सोबतवाला अर्थ त्यांना खरंच ठाऊक नसेल. किंवा ते माझी फिरकी घेत असतील. मला आजही सांगता यायचं नाही. तेव्हापासून मात्र दर रविवारी आम्ही दारात दिसलो की सर विचारायचे, "नंदा बराबर है?" आणि मी म्हणायचे, "बरोबर आहे सर." आमचा तो नमस्कारच झाला. मग मी फळ्यासमोर बसायचे आणि नंदा आत भाभींजवळ, म्हणजे सरांच्या बायकोजवळ. तिथे नंदा साई भाजीची पानं निवडायची, कोकी, म्हणजे कांद्याची जाड पोळी, लाटायला शिकली, महिन्या-दोन महिन्यांत सिंधीत भांडूही लागली. मधल्या सुट्टीत भाभी दाल पकवानच्या, म्हणजे डाळ आणि कुरकुरीत पुऱ्यांच्या, दोन ताटल्या आणायच्या, एक मला, एक तिला. "खाओ, खाओ," म्हणायच्या, "इनका बाण तो रात तक चलेगा."

बाण हेच ते शिक्षण. सर म्हणायचे, वस्तूच्या पोटात डोकवायचं नाही. ती कशाची बनली, आत काय आहे, विचारायचं नाही. तिच्याकडे कोण येतं आणि तिच्यातून कोण कुठे जातं, तेवढे बाण काढायचे. घर ओळखायचं ते पाहुण्यांवरून. आणि एका वस्तूतून दुसरीत जाऊन परत फिरल्यावर काहीही न बदलता जागच्या जागी येता आलं, आणि उलट बाजूनेही आलं, तर त्या दोन वस्तू सेम टू सेम. "फिर कोई भी उठाओ, चलेगा." मी वहीत लिहिलं, कोणतीही चालेल. मला ते फार सुंदर वाटलं. कळलं नाही, पण सुंदर वाटलं. सर म्हणत होते की मी पुढे शिकावं, मुंबईत एका मोठ्या संस्थेत प्रवेशासाठी मुलाखतीला बसावं. मी घरी तसं सांगितलं. बाबा म्हणाले, बघू. आमच्याकडे 'बघू' म्हणजे निम्मं हो.

त्याच हिवाळ्यात खरवईला मामेभावाची हळद झाली. धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाणाऱ्या बायका, अंगभर हळद, हसून हसून पोटात दुखेपर्यंत नाच. आम्ही दोघी अर्थातच एकाच ताग्यातल्या हिरव्या साड्यांत. आणि आठवड्याने वांगणीहून निरोप आला. बाळाराम नावाचा मुलगा, बदलापूरला फिटर, घरची शेती, माणसं बरी. त्याने हळदीत मुलगी पाहिली होती, आवडली होती, कुणाला तरी नाव विचारलं होतं, आणि त्याला उत्तर मिळालं होतं, मंदा.

लग्न म्हणजे वांगणी आणि वांगणी म्हणजे मुंबईची मुलाखत गेली, हे सांगायला गणित लागत नव्हतं. मी आयच्या पदराला धरून रडले. तेव्हा आत्याने, पानाला चुना लावता लावता, तोडगा काढला. "हिला शिकाचंय ना? शिकू दे. नंदाला बसवा. पोऱ्याला काय कळतंय? दोघी सेमच हायत." थोरलीच्या आधी धाकटी कशी, असं आय पुटपुटली, तर आत्या म्हणाली, "तो धागा कुनाला बांधला ते तुना तरी ठावं हाय का?" सगळे नंदाकडे बघायला लागले. नंदा हसली. "बसते मी. मंदा म्हनूनच बसते. जाऊ दे तिला बाणांकडं." इतकं सहज म्हणाली की जणू रेशनच्या रांगेत माझ्या जागी उभी राहणार होती.

मला हायसं वाटायला हवं होतं. उलट मी अशी काही गोंधळले की दोन दिवस जेवण गोड लागेना. ती माझ्या नावाने माझ्या जागी जाणार, आणि कुणालाही फरक पडणार नाही. फरक पडत नाही हेच तर मी दर रविवारी सुंदर म्हणून वहीत उतरवत होते! कोणतीही चालेल. मग आता तेच खुपतंय ते का? आणि जर चालत नसेल, तर सर इतके दिवस काय शिकवत होते? मी नंदाला विचारलं, "तुला खरंच तो आवडलाय का गो?" ती म्हणाली, "मी कुठं बघितलाय त्याला. तू बघितलास?" मीही नव्हता बघितला.

रविवारी नंदा आत भाभींपाशी गेल्यावर मी सरांना सगळं सांगितलं आणि विचारलं, "सर, कोई भी चलेगा ना?" सरांनी फळ्यावर दोन टिंबं काढली. म्हणाले, "चलेगा. लेकिन कैसे चलेगा वो बताना पड़ता है. कौन से बाण से बदला. एक की जगह दूसरी रखी तो वो बाण संभालके रखना पड़ता है, उमरभर. भूल गए और बोला कि दोनों एक ही हैं, तो सब गड़बड़." मी विचारलं, आणि बदलायचे दोन वेगळे बाण असले तर? ते दोन सारखे आहेत का हे कसं ठरवायचं? सरांनी दोन बाणांच्या मध्ये आणखी एक बाण काढला. मी म्हटलं, आणि असे दोन असले तर? त्यांनी त्यांच्यामध्ये काढला. "कुठपर्यंत सर?" सरांनी खडू माझ्या हातात दिला. "मालूम नहीं," म्हणाले. "सच में किसी को मालूम नहीं. सबके नीचे कहीं एक पक्का 'बराबर' है, कि ऊपर तक बाण ही बाण, इसपे दुनिया में झगड़ा चालू है. तू वहाँ जाके पता कर." मी तिथे गेले, आयुष्य घातलं. भांडण अजून चालू आहे.

पाहुणे आले ते बाळाराम, त्याची आई आणि एक काका. नंदा नवी साडी नेसून पोह्यांचं ताट घेऊन गेली. मी आत लपून राहायचं असं ठरलं होतं. पण आय घाबरली की पाणी द्यायला विसरते, तशी विसरली, काकांना ठसका लागला, बाबा ओरडले, "पाणी!" आणि मी, लहानपणापासूनची सवय, तांब्या घेऊन बाहेर. बाळारामच्या आईने माझ्याकडे पाहिलं, नंदाकडे पाहिलं, आणि सरांसारखंच चकित होऊन 'अरे देवा' म्हणाली. आत्या डोळ्यांनी मला जाळत होती. बाबांना मात्र खोटं फार वेळ धरवत नाही. त्यांनी सगळं सांगून टाकलं, की जुळ्या आहेत, ही मंदा, ती नंदा, मंदाला शिकायचंय. आता तुम्हीच सांगा, हळदीत कोणती बघितलीत?

बाळाराम लाल झाला. "जी हसत होती ती," म्हणाला. दोघी हसत होतो. "हिरव्या साडीतली." दोघी हिरव्या साडीत होतो. "गाण्यात मागं उभी होती." आम्ही गाण्यात मागे-पुढे सारख्या फिरत होतो. मी मनापासून आठवायला लागले, नंदाही आठवायला लागली, आणि मला जाणवलं की हे कुणालाच कधीच कळणार नाहीये. उत्तर कुठे लपलेलं नव्हतं, ते नव्हतंच. तेव्हा त्याची आई, बाई वाईट नव्हती, वाद मिटवायला म्हणाली, "जाऊ द्या ओ. एवढा काय त्याच्यात? दोघी सारख्याच. कंची पन द्या."

मला बोलायचं होतं. इतकं शिकलेली मी, सारखं आणि तेच यांतला फरक मला वांगणीपर्यंत ऐकू जाईल असा ओरडून सांगायचा होता, पण मी तांब्या धरून उभीच राहिले. नंदाने हातातलं ताट खाली ठेवलं. जोरात नाही, पण सगळ्यांना ऐकू आलं. "कंची पन नाय," ती म्हणाली. "शेठच्या पँटी हाव का आमी? मंदाच्या जागी बसाला मी तयार होते, ती माझ्या बहिनीसाठी. पन कंची पन म्हनून मी कुनाच्या घरात जायाची नाय. कंची ती बोला. नायतर दोघी नाय." आणि आत निघून आली. चुलीपाशी बसून ती ढसाढसा रडली. मी तिच्या शेजारी बसले, ती म्हणाली, "तू कशाला रडतंस?" मलाही माहीत नव्हतं मी का रडतेय.

पाहुणे पोहे न संपवता गेले. आत्या आठवडाभर बोलली नाही. मग एका संध्याकाळी बाळाराम एकटाच आला, सायकल भिंतीला लावली, आणि ओट्यावर बाबांसमोर उभा राहून म्हणाला, "हळदीतली कोन ती मना ठावं नाय. पन ताट ठेवून बोल्ली ती, तीच मना पायजे. तिचा नाव काय?" आतून नंदाच ओरडली, "नंदा! बसा, चाय ठेवते." खरं सांगते, त्या क्षणी मला आनंद झाला आणि एक बारीकसा अपमानही वाटला. मला तो नको होता, पण त्यालाही मी नको होते हे काही मला आवडलं नाही. माणूस असाच असतो, काय करणार.

लग्न मोरिवलीत झालं, आणि पाठराखीण म्हणून मी नंदाबरोबर वांगणीला गेले. नवरीला नव्या घरात एकटं वाटू नये म्हणून तिच्याबरोबर जाते ती पाठराखीण. तिथे ताटात तांदूळ पसरले, बाळारामच्या हातात सोन्याची अंगठी दिली, आता तांदळात बायकोचं नवं नाव लिही म्हणाले. आमच्याकडे माहेरचं नाव बदलतात. बायकांनी आधीच नाव ठरवून ठेवलं होतं. बाळारामने अंगठीने सावकाश लिहिलं, 'नंदा'. त्याची आई म्हणाली, "अरे येड्या, नवीन लिहायचा असतो." तो म्हणाला, "नवीन कशाला? दोघींतली कंची, ती याच नावानं कळली ना मना." नंदाने घुंगटाआडून माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा म्हणजे माझाच चेहरा, आरशात रोज बघते तो. पण असा आनंद मी त्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता, माझ्याही नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटी परतले. त्या रविवारी उल्हासनगरला गेले तेही एकटीच. बाबांनी अडवलं नाही. ओट्यावर चपला काढल्या आणि उगाच थोडा वेळ थांबले. आत सर एका हातात खडू धरून फळा पुसत होते. मुलाखत जवळ आली होती, त्यांनी बोर्डभर बाण काढायची तयारी केली होती. त्यांनी मान वळवली आणि, मला अजून कळत नाही की ते शिकले कधी, की आधीपासून येत होतं, पण स्वच्छ मराठीत विचारलं, "नंदा तुझ्याबरोबर नाही?"

"नाही सर," मी म्हटलं. "नंदा माझ्याबरोबर नाही."

सवयीने त्यांचं तोंड उघडलं, प्रूफ मागायला. मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि खडू खाली ठेवला. आतून भाभी आल्या, हातात दाल पकवानच्या दोन ताटल्या.